काटा मध्ये आहे

शनिवारी दुपारी बाबा आणि मी पिंपळगावहून परत येत होतो. मागच्या सीटवर द्राक्षांची पेटी होती. ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये बाबांची सगळी नोकरी झाली, तिथले लोक ते निवृत्त झाल्यावरही हंगामात एकदा त्यांना बोलावून घेत.

“काटा?” ओझरजवळ बाबांनी विचारलं.

“मध्ये,” मी म्हणाले.

हा आमचा जुना रिवाज. लहानपणी गाडीत बसलं की इंजिनच्या तापमानाचा काटा बघायचं काम माझ्याकडे असे. पुढे मी कॉलेजात शिकवायला लागले, मला चष्मा लागला, तरी प्रश्न तोच राहिला आणि उत्तरही तेच.

“मध्येच असणार,” बाबा म्हणाले. “सकाळी चावी फिरवली तेव्हाही मध्येच होता. रात्रभर उभी असलेली गाडी गरम कशी असेल? कूलंटचा सेन्सर गेलाय.”

नाशिकात शिरल्यावर द्वारका चौकात स्पेअर पार्टच्या दुकानासमोर त्यांनी गाडी लावली. दुकानदाराने बाहेर डोकावून गाडीकडे पाहिलं.

“काका, म्युझियमवाले अजून आले नाहीत का ही मागायला?”

“आले होते. म्हटलं, मालकासकट नेणार असाल तर बोला.”

“मग?”

“मालक बघून परत गेले.”

सेन्सर अंगठ्याएवढा होता. पितळी, वर काळं प्लास्टिक. बाबांनी तो उजेडात धरून फिरवून पाहिला. “हा खरं बोलेल ना?”

“काका, सेन्सर घेताय की साक्षीदार?”

सेन्सरची छोटी डबी बाबांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकली. “उद्या सकाळी बदलू. इंजिन थंड असताना. पाना तू धरायचास, मी नुसता बोलणार.”

इंदिरानगरच्या आमच्या इमारतीत गाडीची जागा बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीखाली आहे. इंजिन बंद केलं तरी बाबा चावी काढत नसत. बॉनेटखालचा पंखा फिरत राही, तो थांबेपर्यंत बसून राहत. त्या घरघरीवर आई चहा टाकायची. त्या दिवशी पंखा थांबेचना. शेवटी बाबांनी चावी काढली आणि उतरून बॉनेटवर तळहात ठेवला. कोल्ड स्टोरेजमध्येही ते असंच करत. भिंतीवरचा आकडा बघून झाला तरी आत जाऊन द्राक्षाचा एक मणी मुठीत धरून यायचे.

“काटा काहीही म्हणो,” ते म्हणाले, “हात लावून बघायचं.”

वर चहा तयार होता.

सकाळी आई मला म्हणाली, “उठव गं त्यांना. सेन्सर बदलायचाय म्हणाले होते, आणि अजून लोळतायत.”

मी खोलीत गेले. त्यांच्या कपाळाला हात लावला. हात तसाच ठेवून थोडा वेळ उभी राहिले. मग बाहेर येऊन म्हणाले, “डॉक्टरांना बोलावते.”

सांगायचं ते आईला डॉक्टरांनी सांगितलं. नातेवाइकांना फोन चांदवडच्या मनीषा मावशीने केले. भेटायला येणाऱ्यांना मी “हो, अचानक,” एवढंच म्हणत असे. गाडीच्या विम्याचा फोन आला, साहेब आहेत का म्हणून. मी म्हटलं, “बाहेर गेलेत.” आई शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

दिवसकार्य आटोपल्यानंतरच्या रविवारी मी खाली उतरले. गाडी नुसती उभी राहिली तर बॅटरी उतरते, एवढाच विचार होता. बाबांची सीट मागे होती. मी ती पुढे घेतली नाही, कडेला बसून पाय पोचवले. चावी फिरवली. काटा तळातून उठला आणि मध्ये येऊन थांबला. पाठोपाठ पंखा सुरू झाला.

मी उतरून बॉनेटला हात लावला. गार होतं.

सेन्सर बिघडलाय हे मला माहीत होतं. तरीही मी मागे वळून जिन्याकडे पाहिलं. कुणीतरी नुकतीच गाडी आणून लावावी आणि वर निघून जावं, तशी ती दिसत होती. मी वर गेले तेव्हा ओट्यावर तीन कप भरलेले होते.

“पंखा वाजला,” आई म्हणाली.

आम्ही दोघींनी आपापला चहा घेतला. तिसरा कप बाबांच्या जागेवर होता, त्याच्यावर साय धरत होती. दुपारी पाहिलं तर तो धुऊन पालथा घातलेला. पुढच्या रविवारीही तसंच झालं. चहा आई पिते की ओतून देते, हे मी कधी पाहिलं नाही आणि विचारलंही नाही. इतर दिवशी दोनच कप असत. मी बसने कॉलेजात जाई, गाडीला हात लावत नसे. पण जिना उतरल्यावर गाडीच्या काचेतून तो काटा दिसतो का, हे बघितल्याशिवाय पाऊल पुढे पडत नसे. चावीशिवाय तो तळाशीच असायचा.

मे महिन्यात मावशीचा फोन आला. आईने फोन ओट्यावर स्पीकरवर ठेवला होता.

“ताई, शनिवारी ये आणि चार दिवस राहा. इथे गच्चीवर वारा असतो.”

“शनिवारी येईन, पण राहायला नाही जमायचं,” आई कणीक मळत म्हणाली. “रविवारी हे येतात.”

मी फ्रिजचं दार उघडून उभी होते, ते तसंच धरून राहिले.

“काय म्हणालीस ताई?”

“गाडी गं. गाडी सुरू करतो ना आम्ही रविवारी.”

त्या रविवारी गाडी सुरूच झाली नाही. इंजिन घुमायचं, खोकायचं, बंद पडायचं. पंखा मात्र फिरत होता. वर तीन कप झाले. रात्री मी कारण शोधून वाचलं. थंड इंजिन सुरू व्हायला पेट्रोल जास्त लागतं. हा सेन्सर गाडीला सांगत होता की तू गरमच आहेस, म्हणून पेट्रोल कमी पडत होतं.

आठवडाभर मी ती डबी मनातल्या मनात उघडत होते आणि मिटत होते. सेन्सर बदलला की थंड गाडीत पंखा वाजणार नाही. आईला मावशीकडे जाता येईल. आणि रविवारी ओट्यावर किती कप असतील, ते मला बघावं लागेल.

रविवारी आई उठायच्या आत मी खाली गेले. आधी सीट पुढे घेतली. रुळात काहीतरी अडकलं होतं, जोर लावावा लागला. कप्प्यातून डबी काढली, बॉनेट उघडलं. जुन्या सेन्सरचा प्लग निघता निघेना. त्याची खिट्टी दाबायची असते, मी ती नुसतीच ओढत होते. प्लग निघाल्यावर पाना लावला. सेन्सर सैल झाला तसं कूलंटचं हिरवं पाणी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळलं. ते गार होतं. मी घाईने नवा सेन्सर भोकात धरला, आधी बोटांनी फिरवला, आटे नीट बसल्यावर पान्याने आवळला. बेताने. जास्त आवळू नकोस, असं कुणीतरी बाजूला उभं राहून म्हणेल म्हणून मी थांबले. मागे मोकळं पार्किंग होतं. प्लग बसवला, सांडलं तेवढं कूलंट वरून भरलं.

चावी फिरवली. काटा तळाशी थरथरला आणि तिथेच राहिला. पंखा वाजला नाही. मग इंजिन पहिल्याच झटक्यात सुरू झालं.

मी ते लगेच बंद केलं. वर नळाचा आवाज येत होता. तो थांबला. स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

“स्वरू? पंखा नाही वाजला गं?”

खिडकी मिटली. आई जिना उतरत आली. पायात बाबांच्या स्लिपर होत्या, तिला मोठ्या होणाऱ्या. तिने पलीकडचं दार उघडलं आणि माझ्या शेजारी, माझ्या जागेवर बसली. माझ्या हिरव्या, ओल्या हाताकडे पाहिलं, कप्प्यातल्या उघड्या डबीकडे पाहिलं. सीट पुढे आलेली तिच्या लक्षात आली असावी, कारण तिची नजर माझ्या गुडघ्यांवर थांबली.

तिने डॅशबोर्डकडे बघत विचारलं, “काटा?”

हा प्रश्न तिने आयुष्यात कधी विचारला नव्हता.

“खाली आहे,” मी म्हणाले. “गाडी गार आहे, आई.”

मी तिचा हात हातात घेतला. तिच्या बोटांना कूलंट लागलं, तिने हात सोडवला नाही.

“आई, बाबा गेले. मी हात लावून पाहिलं होतं.”