तीनपर्यंतची मोजणी

आई आयुष्यभर टीव्ही केंद्राच्या टेपखोलीत राबली, पण पडद्यावर कधी दिसली नाही. घरीही कुणी फोन समोर धरला की हात आडवा घालायची. ती गेली आणि वर्षभरातच लेकीच्या लक्षात आलं, आईचा आवाज आपल्याला आठवेनासा झालाय.

मग तिला टेपा आठवल्या. केंद्रातल्या प्रत्येक डिजिटल टेपवर कार्यक्रमाआधी रंगीत पट्ट्या असत आणि आकडे मोजणारा आवाज असे. तो आवाज आईचा. दहापासून तीनपर्यंत, पुढे मुद्दाम शांतता, म्हणजे मोजणी चुकून कार्यक्रमात घुसायला नको. घरीही सकाळी हीच तऱ्हा. तीन म्हटलं की बाई गप्प. त्या शांततेत पोरांनी अंथरूण सोडायचं. उठणाऱ्याच्या डोक्यावरून हात फिरायचा, लोळणाऱ्याच्या तोंडावर गार पाणी! पुन्हा मोजणं तिला ठाऊकच नव्हतं.

टेपखोलीत आईच्या जोडीने काम केलेले मशीनवाले काका जुन्या टेपा कॉम्प्युटरवर चढवत होते. लेकीने विचारलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरी, सुरुवातीचं सगळं कापायचा हुकूम होता गं. नुसते कार्यक्रम ठेवलेत. टेपा भंगारात गेल्या."

"एकही उरली नाही?"

जिने प्रत्येक टेपची सुरुवात केली, तिलाच नेमकी कात्री लागली. हुकूम काढणाऱ्याला त्याचं काय सोयरसुतक!

काका डोकं खाजवत उठले. मशीन तपासायची एक टेप होती. तिच्यावर नुसत्या पट्ट्या आणि मोजणी, कार्यक्रमच नव्हता, म्हणून कापायलाही कुणी गेलं नव्हतं. पण वापरून वापरून पार झिजलेली.

"या डिजिटल टेपा आहेत तोवर चोख चालतात, आणि जातात त्या एकदम. बघू, नशीब तुझं."

टेप आत गेली. पट्ट्यांचे चौकोन चौकोन झाले, चित्राची पार दैना उडाली. आवाज मात्र आला. किंचित सर्दी झालेला, घाईतला.

"दहा. नऊ. आठ."

लेक खुर्चीतच पुढे सरकली.

"पाच. चार. तीन."

आवाज थांबला, तशी ती खुर्चीतून ताडकन उठली.

"काय झालं गं?" काका दचकले.

"काही नाही. उठले." तिचे डोळे वाहत होते.

"कॉम्प्युटरवर उतरलंय सगळं. परत लावू?"

"आज नको, काका. आई दुसऱ्यांदा मोजायची नाही."

ती तशीच उभी राहिली. वेळेवर उठली होती, पण डोक्यावरून हात फिरवायला कुणी नव्हतं.