पहिल्या दिवसाची वाट

"वहिनी, जरा इकडे या. गाजावाजा न करता या."

नणंद कुजबुजली की काहीतरी बिनसलंय हे वेगळं सांगावं लागत नसे. एरवी तिचा आवाज असा खणखणीत, की शिवणाची सगळी मशीनं चालू असतानाही तिचं बोलणं कटिंगच्या टेबलापर्यंत स्वच्छ पोचायचं. मास्तरीणबाईंनी खडू खाली ठेवला आणि त्या तिच्या मशीनपाशी गेल्या.

नणंदेच्या मांडीवर लोकरी कोटाचं धड होतं, डावी बाही जोडून झालेली. उजव्या बाजूला ती दुसरी बाही लावून बघत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

"ही डावी," ती म्हणाली. "ही पण डावीच. म्हटलं एखादी चुकून आली असेल, म्हणून गठ्ठ्याच्या तळातली काढली. ती पण डावी. वहिनी, सगळ्याच्या सगळ्या डाव्या आहेत हो."

मास्तरीणबाईंनी गठ्ठ्यातून स्वतः एक काढून बघितली. डावीच.

कापड कापणाऱ्याला मास्तर म्हणायचं, ही या धंद्याची जुनी रीत. टेबलावर बाई आली तर तिला काय म्हणायचं, याचा कुणी विचारच केला नव्हता. मग कुणीतरी मास्तरीणबाई म्हणालं आणि तेच चिकटलं. शाळेचं तोंड फारसं न बघितलेली ही बाई त्या कारखान्यात सगळ्यांची मास्तरीण झाली होती, आणि कामाच्या बाबतीत नाकावर माशी बसू देत नव्हती. थरावर थर अंथरायचे, वरच्या थरावर पॅटर्न ठेवून खडूने आखायचं, पोलादी जाळीचा हातमोजा चढवायचा आणि उभ्या पात्याचं मशीन त्या रेघेवरून असं फिरवायचं की खालचा थर आणि वरचा थर यांत सुताचा फरक पडू नये. एकदा पातं आत गेलं की माघार नाही. चूक झाली तर ती एका कोटाची होत नाही, अख्ख्या थप्पीची होते.

आणि ही चूक तर शिकाऊ माणसानंही करू नये अशी. कापड एकतोंडी होतं, लव एकाच दिशेला बसणारी, म्हणून सगळे थर सुलटे अंथरलेले. अशा वेळी एक बाही आखली की पॅटर्न उलटा करायचा, मगच दुसरी आखायची. मास्तरीणबाईंनी तो उलटलाच नव्हता. का ते त्यांना लख्ख आठवत होतं. आखता आखता पाठीतून हल्ली उठायची ती आग वर चढली होती. मान, कान, टाळू, सगळं भाजून निघाल्यासारखं. घाम कापडावर पडू नये म्हणून त्या एका हाताने कपाळ पुसत होत्या, दुसऱ्याने आखत होत्या. आग ओसरली तेव्हा दोन बाह्या आखलेल्या होत्या. त्यांना वाटलं, झालं.

सुपरवायझर कधी ओरडत नसे. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं सगळ्यांना वाटायचं.

"उजव्या बाह्यांपुरतं कापड निघेल?" त्याने विचारलं.

"रोलच्या शेवटातून निघेल. काढते मी."

"काढा." तो जरा थांबला. "मास्तरीणबाई, मागे कॉलर लहान पडली. मग पातं हातमोज्याला घासलं. आता हे. सोमवारी मोठी ऑर्डर टेबलावर येतेय. तुमच्याच्यानं होणार असेल तर तसं सांगा. नसेल तर मी दुसरा मास्तर बघतो. तुम्ही फिनिशिंगला बसा. धागे कातरायचे, बटणं तपासायची. बसून काम आहे, आराम मिळेल."

आराम! मास्तरीणबाईंना त्या शब्दाचा असा संताप आला की आग पुन्हा वर चढली. "दुपारी सांगते," एवढंच त्या कशाबशा बोलल्या.

गोळ्या त्यांच्या पर्समध्ये होत्या. पाकीट कोरंच्या कोरं. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावून दिलं होतं. ही आग, ही तुटक झोप, ही विसराळू अवस्था, सगळं पाळी जाण्याच्या वाटेवरचं आहे. अंगात जे कमी पडतंय ते गोळीतून द्यायचं. "पण एक करा," त्या म्हणाल्या होत्या, "तुमची पाळी अजून मागेपुढे का होईना, येतेय. तेव्हा ती आली की पहिल्या दिवशी पहिली गोळी. अधेमधे सुरू केलीत तर वेळीअवेळी रक्त जाईल आणि ते कशानं जातंय ते आपल्याला कळायचं नाही."

तेव्हापासून मास्तरीणबाई पाळीची वाट बघत होत्या. आणि ती रुसल्यासारखी येतच नव्हती.

याच्यासारखी थट्टा नाही. लग्नानंतरची कितीतरी वर्षं त्यांनी दर महिन्याला ती येऊ नये म्हणून जीव मुठीत धरून काढली होती. एक दिवस उशीर झाला की चालायच्या हळू, उचलायच्या कमी, आणि बोलायच्या कुणाशीच नाहीत. मग ती यायची. बाथरूमचा नळ सोडून त्या रडून घ्यायच्या आणि डोळे पुसून टेबलाशी उभ्या राहायच्या. ती तपासणीची पट्टी किती वेळा हातात धरली याची गणती नाही. शेवटी एके दिवशी त्यांनी मनाशी ठरवलं, पुन्हा ती पट्टी घरात आणायची नाही. आणली नाही.

म्हणूनच त्या दवाखान्यात फोन करत नव्हत्या. दोन महिने पाळी आली नाही तर कळवा, असं डॉक्टरीणबाईंनी जाताना बजावलं होतं. दुसरं काहीही विसरल्या असतील, हे विसरल्या नव्हत्या. पण पाळी चुकली म्हणून कळवलं की समोरून पहिला प्रश्न कोणता येणार, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यापेक्षा अंगाची लाही लाही झालेली परवडली, असं म्हणत त्यांनी दिवस ढकलले. त्याचं फळ आता डाव्या बाह्यांच्या गठ्ठ्यात समोर होतं.

जेवणाच्या सुट्टीत त्या मागच्या जिन्यात गेल्या. नणंद न सांगता पाठोपाठ आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली, कुणी येऊ नये म्हणून.

"तीन महिने होत आले?" फोनवर नर्स म्हणाली. "अहो बाई, मग इतके दिवस काय करत होतात? कळवा म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं."

"मग?"

मास्तरीणबाई कठड्याचा रंग नखाने खरवडू लागल्या. नर्सही अनुभवी असावी, तिने ताणून धरलं नाही. "थांबा, डॉक्टरांना विचारते," ती म्हणाली. फोनमधून कुठलंसं संगीत वाजत राहिलं. नणंद हातानेच विचारत होती, काय म्हणतात, काय म्हणतात.

"ऐका," नर्स परत आली. "पहिल्या दिवशी सुरू करा म्हणतो ते कशासाठी, तर गोळ्यांचा महिना आणि अंगाचा महिना जुळून चालावा म्हणून. तुमच्या अंगाचा महिनाच आता हरवलाय. त्याची वाट बघत बसायचं कारण नाही. तुम्ही सुरू कराल तोच पहिला दिवस. पण त्याआधी ती टेस्ट करून घ्यायची."

"कसली?" ठाऊक असूनही त्यांनी विचारलं.

"दिवस राहिलेत का, ती."

"सिस्टर, माझं वय बघितलंत का?"

"समोर कागदावर दिसतंय. पण पाळी चुकली की आधी तेच बघायचं, वय काही का असेना. सकाळी उठल्या उठल्या करा. काही नसेल तर लगेच पहिली गोळी घ्या आणि मला कळवा. मध्येच फार रक्त गेलं तर मात्र थांबू नका, या."

"आणि हे... बरं कधी वाटेल?"

"काहींना दोन-तीन आठवड्यांत, काहींना जास्त लागतात. जादू नाही बाई ती."

म्हणजे सोमवारची ऑर्डर आगीतच कापायची होती. फोन ठेवून मास्तरीणबाई जिन्यावर बसल्या.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "मी आखलेलं तुम्ही तपासाल? पातं घालायच्या आधी, दर वेळी?"

नणंदेने डोळे मोठे केले. वहिनींनी आपलं आखलेलं कुणाला तपासू दिल्याचं तिने आजवर पाहिलं नव्हतं. "तपासेन की. पण त्या थंड डोक्याच्या सुपरवायझरला काय सांगणार?"

"जे आहे ते."

आणि खरंच त्यांनी जे आहे ते सांगितलं. सुपरवायझरच्या काचेच्या खोलीत उभं राहून, आवाज न चढवता. "साहेब, माझी पाळी जायची वेळ आलीय. अंगात आग उठते, झोप लागत नाही, त्यात चुका झाल्या. औषध सुरू करतेय, गुण यायला काही आठवडे लागतील. तोवर टेबलाशी एक पंखा लावा आणि माझ्या नणंदेला तपासायला द्या. टेबल मी सोडणार नाही."

सुपरवायझर कानापर्यंत लाल झाला. त्याने पेन उचललं, ठेवलं, भिंतीकडे पाहिलं. "मग सुरू करा ना औषध," तो म्हणाला. "थांबलात कशाला?"

"उद्या सकाळी करते."

"ठीक आहे. सोमवारी बघू मग. पण हे शेवटचं हं."

त्या संध्याकाळी नणंद औषधाच्या दुकानात आत गेली आणि टेस्टच्या पट्टीची पुडी घेऊन आली. मास्तरीणबाई बाहेर रस्त्यावर उभ्या राहिल्या, पलीकडच्या दुकानातल्या छत्र्या बघत. घरी परतताना नणंदेसारखी बोलकी बाईही मूग गिळून बसली, आणि रस्ता फार लांब वाटला.

मास्तरीणबाईंचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. आयुष्य खाली-वर करण्यात गेलं, असं तो स्वतःच म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. मुलाचा विषय निघाला की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं, "आपल्याला काय कमी आहे? दोघं आहोत, झोप पूर्ण होते." पुडी पाहिल्यावर मात्र तो हसला नाही. "हे कशाला आता?" त्याने विचारलं. बायकोने सांगितलं. "हां," तो म्हणाला, "म्हणजे नुसती रीत आहे." "नुसती रीत," त्या म्हणाल्या. जेवताना त्याने दोनदा भाजीत मीठ नाही म्हटलं, आणि मीठ होतं.

सकाळी दार लावून त्यांनी ते उरकलं. पट्टी बेसिनच्या कडेला ठेवली आणि पाठ फिरवून उभ्या राहिल्या. काही नसणार हे त्यांना माहीत होतं. तरी हात पोटावर गेला. या वयात, या घामेजल्या, झोप उडालेल्या अंगात कुठेतरी अजून आशा दडून बसलेली होती, याची त्यांना आधी लाज वाटली, मग लाजेचंही काही वाटेना. वळून बघितलं. एकच रेघ. लागायला हवा त्यापेक्षा जास्त वेळ त्या तिच्याकडे बघत राहिल्या. रेघ एकच राहिली. त्यांना वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं, आणि या खेपेला नळ न सोडता त्या रडल्या.

बाहेर आल्या तेव्हा नवरा कामाचे कपडे घालून टेबलाशी उभा होता. पाण्याचा ग्लास भरून ठेवलेला. त्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं.

"बरं," तो म्हणाला. "मग आजपासून सुरू."

"आजपासून."

पट्टी टेबलावर ठेवून त्या गोळ्यांचं पाकीट फोडू लागल्या. "टाकून देतो मी," म्हणत त्याने पट्टी उचलली. कचऱ्याचा डबा त्याच्या पायाशीच होता. तो खिडकीपाशी गेला. चष्मा कपाळावर चढवला, पट्टी उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, जराशी तिरकी केली, मग दुसऱ्या बाजूने. लिफ्टच्या बारीक तारा तपासाव्यात तसा तो माणूस ती पट्टी तपासत होता, पाठमोरा, श्वास रोखून.

एकच आहे हो, असं मास्तरीणबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्याऐवजी त्यांनी गोळी जिभेवर ठेवली आणि ग्लासातलं सगळं पाणी सावकाश, एकेक घोट करून प्यायल्या, त्याचं बघून होईपर्यंत.