निकाली म्हणजे काय

चाळिशी उलटून गेली तरी घरात तिला छोटीच म्हणत. छोटी म्हटलं की कामं सांगायला बरं पडतं. छोटी, पाणी आण. छोटी, आईला वळव. छोटी पडदे शिवून द्यायची, दवाखान्यांचे, शाळांचे, नव्या घरांचे. मशीन आईच्या पलंगाला लागूनच ठेवलेलं, म्हणजे शिवता शिवता आई तिच्या नजरेसमोर आणि ती आईच्या तावडीत. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं.

आता तिला लग्न करायचं होतं. कोपऱ्यावरचा चष्मेवाला विधुर होता, बोलायला कमी आणि ऐकायला तयार. त्याने एकदा तिचे डोळे तपासले आणि पुढची तीन वर्षं तपासतच राहिला, नंबर मात्र तसूभर बदलला नाही. शेवटी तिनेच म्हटलं, आता डोळे पुरे. दोघं लग्न नोंदवायच्या कचेरीत गेली. तिथल्या माणसाने फॉर्म चाळला आणि सांगितलं की बाईंच्या आधीच्या घटस्फोटाची कोर्टाकडून नक्कल आणा, सहीशिक्क्याची. हात्तिच्या, एवढंच ना, असं छोटीला वाटलं.

कोर्टाचं रेकॉर्ड तळघरात होतं. खिडकीपलीकडे एक जाडजूड बाई बसल्या होत्या. त्यांच्यामागे लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छताला भिडलेले. छोटीकडे खटल्याचा नंबर नव्हता, फक्त वर्ष होतं.

"नंबर नाही, तारीख नाही. घटस्फोट तरी तुमचाच ना?" बाई म्हणाल्या.

"माझाच. दोघांनी मिळून अर्ज केला होता, संमतीचा. भांडण काही नव्हतं."

"भांडण असतं तर नंबर लक्षात राहिला असता."

भांडण खरंच नव्हतं. नवरा क्रेन चालवायचा, जिथे काम तिथे मुक्काम, आणि घरी आला की पाहुण्यासारखा अंग चोरून बसायचा. दोघांना मूल नव्हतं आणि एकमेकांचा रागही नव्हता. अर्ज दाखल केला, सहा महिन्यांनी दोघांनी पुन्हा हजर राहायचं होतं, आणि पाचव्या महिन्यात आईला झटका आला. डावी बाजू गेली. तेव्हा दादा म्हणाला होता, "तू आईला सोडून कशाला येतेस? कोर्टाचं मी बघतो." दादा शाळेत प्रयोगशाळेचा मदतनीस, घरातला शिकलेला माणूस. एका संध्याकाळी तो कोर्टातून आला, चपला काढता काढता म्हणाला, "निकाली निघालं." छोटी त्या दिवशी आईला भरवत होती. तिने फक्त मान हलवली, आणि नंतर मोरीत जाऊन थोडी रडली, कारण काही झालं तरी नऊ वर्षांचा संसार होता.

रेकॉर्डवाल्या बाईंनी नोंदवही उलटीपालटी केली. बोट एका ओळीवर थांबलं.

"हं. निकाली."

"तेच. त्याची नक्कल हवीय," छोटी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "कशाची नक्कल? निकाली म्हणजे मंजूर नाही हो. निकाली म्हणजे आमच्या टेबलावरून उठला. मंजूर झाला तरी निकाली, फेटाळला तरी निकाली, कुणी आलंच नाही म्हणून काढून टाकला तरी निकालीच."

"मग आमचा कसा?"

"बसा. गठ्ठा काढावा लागेल."

तासाभराने फाईल आली. वाचायची परवानगी होती, न्यायची नव्हती. छोटीने रोजनामा वाचला, म्हणजे कोणत्या तारखेला काय घडलं त्याचा कागद. पहिली तारीख: पती हजर, पत्नी गैरहजर. दुसरी तारीख: पती हजर, पत्नी गैरहजर, पत्नीस नोटीस काढावी. तिसरी तारीख: पती हजर, नोटीस मिळूनही पत्नी गैरहजर, तिच्या संमतीअभावी अर्ज काढून टाकला. खाली नोटिशीची पोचपावती टाचलेली होती. "बहीण आजारी आईजवळ असल्याने तिच्या वतीने घेतली." आणि खाली सही. खालून लांब रेघ, रेघेखाली दोन टिंबं. ही सही दादाने कॉलेजात असताना वहीभर गिरवली होती, आणि छोटीने वहीला कव्हर घालून दिलं होतं.

"तुम्ही अजून त्यांच्याच बायको आहात," बाई म्हणाल्या. वाईट वाटून नव्हे. रोज दहा जणांना काहीतरी सांगावं लागतं, त्यातलंच हे एक. "नव्याने अर्ज करा. नवऱ्याला आणा, तो येत असेल तर."

नवऱ्याचा फोन नंबर मिळवायला दोन दिवस लागले. तो म्हणाला, "मी तीन वेळा आलो होतो. संध्याकाळपर्यंत बाकावर बसलो. मला वाटलं तुझा विचार फिरला."

"मग मला विचारलं का नाहीत?"

"फोन केला होता. तुझ्या दादाने घेतला. म्हणाला, तिला त्रास देऊ नका, तिला नकोय घटस्फोट." मग तो म्हणाला, "मी इथे एकीबरोबर राहतो. ती अजून विचारते, लग्न कधी करणार म्हणून. मी काय सांगू तिला?" गुरुवारी त्याला एक दिवस सुट्टी होती, त्यानंतर कंपनी त्याला वर्षभरासाठी समुद्रापलीकडे पाठवणार होती. गुरुवारी अकरा वाजता तो कोर्टात येणार, दोघांनी समोर उभं राहून सह्या करायच्या. पुढच्या तारखेला तो तिकडूनच स्क्रीनवर हजर राहिला तरी चालणार होतं, हे त्याने वकिलाला विचारून ठेवलं होतं. गुरुवार चुकला तर मात्र वर्ष गेलं.

त्या दुपारी दादा जेवायला बसला तेव्हा तिने कोर्टात फी भरून काढलेली पोचपावतीची नक्कल ताटाशेजारी ठेवली. दादाने ती वाचली. घास मात्र थांबवला नाही.

"मी खोटं बोललो नाही," तो म्हणाला. "निकाली म्हटलं. निकालीच होतं."

"दादा, मी अकरा वर्षं..."

"अकरा वर्षं काय? छप्पर होतं, दोन वेळचं होतं. उद्या त्या काचवाल्याने हाकललं तर इथेच येणार ना? आमटी वाढ."

वहिनीने आमटी वाढली. वहिनी वाईट नव्हती. तिला फक्त सासू उचलायची नव्हती, आणि न उचलण्यासाठी माणूस बऱ्याच गोष्टी न बघता राहू शकतो.

तेवढ्यात पलंगावरून आई बोलली. अर्धं तोंड वाकडं होतं, पण शब्द स्वच्छ. "त्याला का बोलतेस? मीच सांगितलं होतं त्याला. तू सुटली असतीस तर दुसरं घर केलं असतंस. मग मला कुणी धुतलं असतं? हिने?"

छोटीला आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटली ती फक्त लाज, इतकी वर्षं हे न कळल्याची. आईने आयुष्यात दोनच गोष्टी मनापासून केल्या होत्या: मुलावर माया आणि मुलीचा हिशेब. छोटी उठली, मशीनवर जाऊन बसली आणि एका पडद्याची दुमड उलट्या बाजूने शिवून टाकली.

चष्मेवाल्याला तिने सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आणखी सहा महिने तर सहा महिने." मग काच पुसत म्हणाला, "पण गुरुवार चुकवू नकोस. दरवर्षी एक नवा गुरुवार काढायला मी काही तरुण नाही." तो सहज बोलला, पण छोटीला ते लागलं, कारण खरं होतं.

गुरुवारी सकाळी ती उठली तेव्हा घर शांत होतं. दादाच्या चपला नव्हत्या, वहिनीच्याही. स्वयंपाकघरात भांडी घासून उपडी ठेवलेली. शेजारीण कामाला गेलेली, तिच्या दाराला कुलूप. छोटी परत आत आली.

"शोधू नकोस," आई म्हणाली. "मीच पाठवलं त्यांना. वहिनीच्या भावाकडे. संध्याकाळी येतील."

आईला दर दोन तासांनी कूस बदलावी लागायची. नाहीतर कातडी सोलायची. उजव्या कुल्ह्यावरची जखम चार महिन्यांनी आत्ता कुठे भरत आली होती, म्हणून डॉक्टरांनी ती कूस वर्ज्य केली होती. हे घरात सगळ्यांना पाठ होतं, आईला सगळ्यात जास्त.

"जा की," आई म्हणाली. "मी कुठे धरलंय तुला? पण जाणार नाहीस तू. मी ओळखते माझ्या पोरीला. पाय निघायचा नाही तुझा."

छोटीने तिला धुतलं. चादर बदलली. केस विंचरले, पाणी पाजलं, आणि हे सगळं नेहमीच्याच हाताने केलं. आईच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मांजर ताटाशेजारी बसतं ना, तसं. मग छोटीने एक हात खांद्याखाली घातला, एक गुडघ्याखाली, आणि तिला वळवलं. उजव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून.

"या कुशीवर नको," आई म्हणाली.

छोटीने उशी नीट केली.

"छोटी. या कुशीवर नको गं. आग होते."

"हो," छोटी म्हणाली. तिला कीव आली नाही, रागही आला नाही. आपल्या हातांना हे जमतंय याचं थोडं भय वाटलं, एवढंच. तिने पर्स घेतली, दार ओढून घेतलं. जिन्यात दोन मजल्यांपर्यंत आईचा आवाज ऐकू येत होता, आधी हुकमी, मग विनवणीचा. रस्त्यावर गाड्यांच्या आवाजात तो बुडाला.

नवरा बाकावर बसला होता, इस्त्रीचा शर्ट घालून, तसाच अंग चोरून. केस पांढरे झाले होते. "आलीस," तो म्हणाला, आणि तिला दिसलं की त्याला खरंच खात्री नव्हती. दोघं खिडकीपाशी उभी राहिली. कारकुनाने कागद लावले, फोटो चिकटवले, सह्या घेतल्या. मग जुन्या अर्जाचा उल्लेख बघून त्याने पेन थांबवलं.

"आधीचा अर्ज तुमच्या गैरहजेरीमुळे गेला होता. कारण लिहावं लागतं. का नाही आलात?"

"आई अंथरुणाला खिळली होती," छोटी म्हणाली. "तिच्याजवळ दुसरं कुणी नव्हतं."

कारकुनाने ते लिहून घेतलं. "आणि आता? पुढच्या तारखांना याल ना? आता आईजवळ कोण असतं?"

छोटीने घड्याळ बघितलं. साडेअकरा झाले होते. दादा यायला अजून सहा तास होते.

"आता कुणी लागत नाही," ती म्हणाली. "पुढची तारीख लवकरची द्या."