तोडकरांचं दुकान जवळ आलं

हेमलता पाटणेनं एक किलोऐवजी पाच किलो तांदूळ घेतले, त्या दिवशी तोडकरांचं दुकान गल्लीत एक घर अलीकडे सरकलं.

तिला ते कळलं पुढच्या खेपेला. दुकानाच्या अलीकडे पिठाची गिरणी लागायची, ती लागलीच नाही. कुसुम मगदूमच्या घराची भिंत संपली आणि थेट दुकानाची पायरी आली. दोन्हींच्या मध्ये भाकरीच्या जाडीची फट होती. फटीतून पिठाचा वास येत होता आणि आत गिरणीचा पट्टा फटफटत होता.

"अण्णा, गिरणी कुठं गेली?"

"कुठं जाईल? हाय की तिथंच." तोडकर अण्णांनी मानेनंच फट दाखवली. "तुम्ही एकदम माल घेतला, अक्का. खेपा वाचल्या तुमच्या. मग एवढा रस्ता ठेवून करायचं काय?"

हेमलताला हे लगेच पटलं. मिरजेत लग्न होऊन आल्यापासून तिचा निम्मा जन्म पिशवी घेऊन चालण्यात गेला होता. वाटेत बशीरचाचांचा सतारींचा कारखाना लागे. ती तिथं दारात क्षणभर थबकायची. चाचा भोपळा घासता घासता म्हणायचे, "बेटी, वेळ काढ. हात चांगला आहे तुझा. शिकवतो." आणि ती म्हणायची, "येते हं, एवढं सामान टाकून." सामान काही संपायचं नाही.

आता संपणार होतं! घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगितलं तेव्हा तिला धाप लागली होती. दिगंबर पाणीपुरवठा खात्यात होता, कुठलीही गोष्ट तपासल्याशिवाय मानायची नाही असा माणूस. तो गल्लीत जाऊन बघून आला आणि त्याचाही चेहरा फुलला.

"हेमा, तेलाचा अख्खा डबाच आणू या."

डबा आला आणि कुसुमचं घर मिटलं. हेमलता फटीशी वाकली.

"कुसुम, बरी आहेस ना गं?"

"बरी आहे की. फक्त कूस बदलता येत नाही. तुला तेल स्वस्त पडलं का?"

"पडलं."

"मग झालं तर."

पुढचे दिवस हेमलतानं जणू उडतच काढले. चुलीवर दूध ठेवायचं, जाऊन साखर आणायची आणि परत येऊन दुधाचा पहिला बुडबुडा बघायचा. संध्याकाळी बाजार उठताना भाजी घ्यायची, डाळी शेजारणींबरोबर वाटून घ्यायच्या, साबणाची पेटीच फोडायची. पैसे उरू लागले आणि दुपारच्या दुपारी मोकळ्या पडू लागल्या. एका दुपारी तिनं चांगली साडी नेसली, डाव्या हाताची नखं कापली आणि सतार शिकायला म्हणून दार उघडलं.

उंबऱ्याला टेकून दुकानाची पायरी होती.

"वर्षाचे गहू घेऊन टाकले," मागून दिगंबर आनंदानं म्हणाला. "तुला सुखद धक्का द्यावा म्हटलं."

चौकटीशेजारच्या फटीला तिनं कान लावला.

"चाचा?"

"बोल, बेटी."

"मला आता वेळच वेळ आहे."

"मलाही आहे," चाचा आतून म्हणाले. "जागा नाही. दांड्या सरळ उभ्या राहिल्यात, पण भोपळे चपटे झाले. चपट्या भोपळ्यात सूर उतरत नाही."

त्यांनी तार छेडून दाखवली. पापड मोडल्यासारखा आवाज आला.

दुकान काही थांबलं नाही. दुसऱ्या दिवशी वजनकाटा हेमलताच्या माजघरात होता आणि अण्णा चुलीशेजारी गल्ला घेऊन बसले होते. गिऱ्हाईकं बिछान्यावरून चपला हातात घेऊन जात होती. दिगंबर हात लांब करून हळद घेत होता आणि हसत होता. पण तो आता पत्र्यासारखा चपटा होऊन, आडव्या अंगानं उभा राहून हसत होता. त्याचा एक कान गालाला सपाट चिकटला होता, आणि भिंतीवरचा आरसा त्याच्या पाठीला टेकला होता.

"तुम्हाला दुखतंय का, अहो?"

"छे. जरा कडेनं ये फक्त."

हेमलता उठली. तिनं पदर खोचला.

"अण्णा, पाव किलो साखर द्या."

"पोतं घ्या की, अक्का. स्वस्त पडतं."

"पाव किलोच. आणि त्यातली महागातली द्या."

अण्णांनी साखर तोलली. पुडी तिच्या हातात पडताच काटा, गल्ला आणि अण्णा वीतभर मागे सरकले. दिगंबरचा कान फुलून वर आला.

तिच्या अंगात वारं शिरल्यासारखं झालं. "जिरं द्या. सुटं नको, छोट्या पाकिटातलं. एकच!"

"भाव जास्त आहे त्याला."

"अजून थोडा लावा."

दुकान उंबऱ्याबाहेर गेलं. ती धावत गेली, काड्यापेटी घेतली, धावत घरी ठेवून आली. पुन्हा गेली, एक लवंग मागितली. "अगं हेमा, साठवलेलं सगळं जाईल!" दिगंबर ओरडला. ती वळूनही न बघता म्हणाली, "अहो, रस्ता होतोय बघा ना!"

वेलचीच्या खेपेला बशीरचाचांचा कारखाना पुरीसारखा फुगून उभा राहिला. चाचा दारात आले, अंगावरचा भुसा झटकला आणि छातीभर श्वास घेतला. त्यांच्यामागे भोपळे एकेक करून टपटप गोल होत होते. कुसुमनं खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून आळस दिला. गिरणीचा पट्टा मोकळा सुटला आणि साऱ्या गल्लीवर पीठ उडालं.

"ये, बेटी, बस आता," चाचा म्हणाले. त्यांनी चटई झटकली. एक सतार तिच्यासाठी आडवी ठेवली.

हेमलताचे पाय थांबत नव्हते. तिच्या गालांवर पीठ होतं, ती हसत होती. "आलेच, चाचा. एवढा चिमूटभर हिंग घेऊन येते."

गिरणी मागे पडली. पुढे दुकान यायला हवं होतं, पण तिथं एक घर होतं. त्याच्यापुढे आणखी एक. ही घरं मिरजेत कधी नव्हती. चुन्याचा रंग अजून ओला होता. पहिल्या घराच्या पायरीवर एक म्हातारी नुकती झोपेतून उठल्यासारखी बसली होती.

"इथं नळाला पाणी कधी येतं गं?"

"पहाटे," हेमलता पळता पळता म्हणाली. "भांडी रात्रीच घासून ठेवा."

लांबवर तोडकरांचा दिवा दिसत होता, जिऱ्याएवढा. तिनं अजून काहीच विकत घेतलं नव्हतं, तरी तो दूर चालला होता. मागे बशीरचाचांनी तार छेडली. सूर भरदार होता. तो गल्लीतून तिच्यामागे निघाला, आणि तो जिथं जिथं पोचत होता तिथं तिथं नव्या घरांची दारं एकेक करून उघडत होती.

हेमलतानं वेग वाढवला.