लुदोविनाचे घर ओढणारे जू

मी एक जुने जू आहे. माझ्या अंगावर भेगा आहेत, एका टोकाला कुत्र्याने चावल्याच्या खुणा आहेत आणि माझा स्वभाव संशयी आहे. मित्रांनो, यात माझा दोष नाही. जन्मभर दोन बैलांच्या मधे राहणाऱ्याला दुसरे काय शिकायला मिळणार? एक बैल मनापासून ओढतो आणि दुसरा नुसते डोके पुढे करून ओढल्याचे सोंग करतो. मालकाला हे कळत नाही, मला कळते. म्हणून माणसांकडेही मी त्याच नजरेने पाहते. हा ओढतो आहे, की सोंग करतो आहे?

माझा जन्म दूर दक्षिणेकडच्या समुद्रातल्या चिलोए बेटांपैकी एका लहानशा बेटावर झाला. बाल्दोमेरो चिगुआय नावाच्या शेतकऱ्याने डोंगरातले एक चिवट झाड तोडले, त्याचा बुंधा चुलीच्या धुरावर वाळवला आणि वाकसाने तासून मला घडवले. दोन बैलांच्या शिंगांमागे बसतील अशा दोन खाचा आणि शिंगांना आवळायला कातड्याच्या वाद्या, असा माझा थाट होता. काम झाल्यावर त्याने माझ्यावर डुकराची चरबी चोळली. ते पाहून त्याची बायको म्हणाली, "इतक्या मायेनं कधी माझे पाय चेपले नाहीस!" मला फार अभिमान वाटला.

मी बटाट्याची शेते नांगरली, होड्या किनाऱ्यावर ओढल्या, जळण आणले. पण माझे खरे काम दिसायचे ते मिंगाच्या दिवशी. आमच्याकडच्या इर्जिकीला मिंगा म्हणतात. एखाद्याचे काम एकट्याच्याने होणारे नसले, की तो घरोघर जाऊन विनवतो आणि सगळा गाव आपापले बैल घेऊन येतो. मजुरी कुणी घेत नाही. ज्याचे काम, त्याने पोटभर जेवू घालायचे आणि चिचा पाजायची. चिचा म्हणजे आमच्या सफरचंदांची आंबवलेली दारू. एकच पेला सगळ्यांच्या हातून फिरतो. तो नाकारणे म्हणजे यजमानाच्या तोंडावर दार आपटण्यासारखे आहे.

बाल्दोमेरो वारला, तेव्हा त्याच्या मागे तीन मुले होती. थोरला सोफानोर, मधली लुदोविना आणि धाकटा रोसालिंदो. लुदोविनाचे लग्न झालेले होते. दोघा भावांनी एकेक बैल घेतला. सोफानोरला क्लावेल मिळाला, रोसालिंदोला तोर्दो. मी मात्र दोघांचे राहिले आणि सोफानोरच्या वळचणीला टांगले गेले.

रोसालिंदो चिचा प्यायचा, असे मी म्हणणार नाही. चिचाच त्याला पिऊन टाकत होती. एकदा ओहोटीच्या वेळी तो झिंगून किनाऱ्याच्या चिखलात पडला आणि तिथेच झोपी गेला. भरती चढू लागली, पाणी त्याच्या छातीपर्यंत आले, तेव्हा पत्र्याच्या छपराच्या चर्चमधल्या लोकांनी त्याला बाहेर ओढले. टाळ्या वाजवून मोठमोठ्याने प्रार्थना करणारी ती मंडळी. गावातल्या जुन्या लाकडी चर्चमधले, सान अंतोनियो या संताचे भक्त, त्यांना 'हालेलुयावाले' म्हणून चिडवायचे. पण याच हालेलुयावाल्यांनी रोसालिंदोची ओकारी काढली, त्याच्या उशाशी बसून राहिले. तो त्यांच्यातलाच झाला. पुढे त्याने चिचाचा थेंबही घेतला नाही.

मग सान अंतोनियोचा सण आला. सोफानोरने सगळ्या गावासमोर धाकट्याच्या हातात पेला दिला. रोसालिंदोने तो जमिनीवर ओतला.

"बापाच्या झाडांची चिचा मातीत ओततोस?" सोफानोर ओरडला. "देव बदललास, आता बापही बदल!"

"बापाच्या झाडांशी माझं भांडण नाही, दादा," रोसालिंदो म्हणाला. "पण हे मला देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी तो तोर्दोला घेऊन गेला. एका बैलावर जुवाचे काय काम? मी वळचणीला तसेच लटकत राहिले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. वाद्या सुकून काठीसारख्या ताठ झाल्या. कुणी बोटभर चरबी लावली नाही. मित्रांनो, भांडण माणसांचे होते, उपास मला घडला.

अशी बरीच वर्षे गेली. लुदोविनाचा नवरा वारला. तिचे घर समुद्राकाठच्या दरडीवर होते. आधी समुद्राने तिचा लसणाचा वाफा खाल्ला, मग कोंबड्यांचे खुराडे नेले. त्या शरद ऋतूत तर दरड अंगणाच्या मधोमध फाटली. पौर्णिमेची मोठी भरती येण्याआधी घर टेकडीवर न्यायला हवे होते, नाहीतर ते भिंती-छपरासकट पाण्यात जाणार होते. आमच्याकडे घरे लाकडाची असतात. त्यांच्याखाली लांब ओंडके घालून अख्खे घर बैलांकरवी ओढत नेतात. पण त्याला पुष्कळ बैल लागतात. सान अंतोनियोवाल्यांचे बैल पुरेसे नव्हते, हालेलुयावाल्यांचेही नव्हते.

लुदोविना घरोघर विनवणी करून आली आणि सोफानोरच्या अंगणात, अगदी माझ्याखाली येऊन उभी राहिली.

"सगळे येतायत. पत्र्याच्या चर्चवालेही. रोसालिंदोही येतोय," ती म्हणाली.

"येईल आणि परत सगळ्यांसमोर माझी चिचा ओतेल," सोफानोर म्हणाला.

"त्या दिवशी ओतली नसती तर प्यायला असता. आणि प्यायला असता, तर आज त्याची कबर झाडायला गेलो असतो आपण. एवढं कळत नाही तुला?"

"मिंगात पेला फिरवला नाही, तर गाव थुंकेल आपल्या घरावर."

"मला एवढंच कळतं," लुदोविना म्हणाली, "की घर गेलं तर मी पोरींना घेऊन कुठं जाऊ? आणि भाऊ परत त्या चिखलात गेला, तर मला ते घर काय करायचंय? चिचा तुझ्या बागेतली. काय करायचं ते तू बघ."

सोफानोर काही बोलला नाही. गप्प बसणाऱ्या माणसावर माझा मुळीच विश्वास नाही.

आणि त्याने पुढे जे केले, ते बघून माझी खात्रीच पटली. मिंगाच्या आदल्या दिवशी त्याने बायकोला स्वयंपाकासाठी लुदोविनाकडे पाठवले. मग कोठारातली चिचाची पिंपे मागे सरकवली आणि त्यांच्यावर पोती टाकली. त्यानंतर सफरचंदांच्या टोपल्यांवर टोपल्या आणून तो लाकडी द्रोणीत ती एकटाच कुटत बसला. कुणी कुंपणाशी थांबून हाक मारली, तर तो ओ देईना. घरात पिंपे भरलेली असताना हा आणखी सफरचंदे कशाला पिळतो? आणि लपूनछपून का? मी मनाशी म्हटले, हा गोड रसात कडक चिचा मिसळून भावाला पाजणार. भाऊ फसला की गावासमोर हसणार. सण आठवतो आहे ना याला!

मिंगाच्या सकाळी रोसालिंदो तोर्दोला घेऊन आला. सोफानोरने क्लावेलला पुढे केले. माझ्या वाद्या आदल्या रात्री पाण्यात भिजवून मऊ केल्या होत्या. दोघा भावांनी एकेक वादी आवळली. एकमेकांकडे पाहिले नाही. मी दोघांच्या बोटांकडे पाहत होते. कुणाची गाठ सैल राहते, ते बघावे म्हणून. दोन्ही गाठी घट्ट होत्या, पण मी समाधान मानले नाही.

दरडीवर तर संशयाचा बाजारच भरला होता. इकडचे तिकडच्यांकडे तिरक्या नजरेने पाहत होते. "सान अंतोनियोची तसबीर आत आहे, म्हणून हे हालेलुयावाले घर मुद्दाम वाकडं ओढतील," असे इकडे कुजबुजत होते. "आपल्याला पाजायलाच बोलावलंय," असे तिकडे. दोन्ही बोलणी मला ऐकू आली आणि दोन्ही खरी वाटली.

मिंगाचा म्होरक्या होता म्हातारा आर्मांदिनो. त्याचा आवाज पलीकडच्या बेटापर्यंत पोहोचायचा. त्याने हात वर केला आणि आरोळी ठोकली, "सान अंतोनियो!" इकडच्यांनी बैलांना टोचणी लावली. तिकडचे ढिम्म उभे राहिले. मग ते ओरडले, "देवाला गौरव!" आणि त्यांनी आपले बैल हाकले. तोवर इकडचे थांबले होते. घर कर्र कर्र वाजले, एकदा इकडे झुकले, एकदा तिकडे. माझी तर दैनाच झाली. क्लावेल एका आरोळीला पुढे जाई, तोर्दो दुसरीला. मी मधे पिळून निघाले, एक भेग वाढली.

"लोक हो, घर ओढताय का पिठाची चाळणी हलवताय?" आर्मांदिनो करवादला.

दुपारपर्यंत घर जेमतेम चढणीच्या पायथ्याशी आले. मागे समुद्र वाढत होता. लुदोविनाच्या दोन्ही मुली तिच्या झग्याला धरून उभ्या होत्या. तिच्याकडे बघवत नव्हते.

जेवणाची हाक आली. खड्ड्यातल्या तापलेल्या दगडांवर शिजलेले शिंपले, बटाटे आणि डुकराचे मांस पानांवर वाढले गेले. दोन्ही मंडळी दोन बाजूंना बसली. मग सोफानोर मोठी घागर आणि पेला घेऊन आला.

त्याने पेला भरला आणि सरळ रोसालिंदोपुढे धरला. माझा जीव वाद्यांत अडकला. रोसालिंदोचा चेहरा पांढरा पडला. पण त्याने दोन्ही हातांनी पेला घेतला. मला वाटले, आता हा ओतणार, नाहीतर पिणार. दोन्हीत घर गेले.

"वास घे आधी," सोफानोर हळूच म्हणाला.

रोसालिंदोने वास घेतला. मग त्याने भावाकडे पाहिले. कितीतरी वर्षांनी पाहिले. आणि पेला एका दमात रिकामा केला.

सोफानोरने पुन्हा भरला, स्वतः प्यायला आणि पेला आर्मांदिनोच्या हातात दिला. म्हाताऱ्याने घोट घेतला आणि तोंड वेडेवाकडे केले. "अरे, हा तर नुसता रस! कालचा! चिचा कुठंय?"

"चिचा कोठारात आहे, पोत्यांखाली," सोफानोर सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "ज्याला हवी त्यानं उद्या माझ्या घरी यावं, पिंप फोडून देईन. आज पेला एकच फिरणार आणि तो माझ्या भावालाही प्यायला येईल असाच असणार. कुणाला राग आला असेल, तर माझ्यावर काढा. घरावर काढू नका."

कुणीतरी इकडून पुटपुटले, "हालेलुयावाल्यांपुढे वाकला." आर्मांदिनोने ते ऐकले. त्याने उरलेला रस गटागटा संपवला आणि पेला पुढे केला. "ओत आणखी. पोरांचं पेय आहे, पण फुकटचं आहे." मग त्याने पेला आपल्या हाताने पत्र्याच्या चर्चच्या पाळकापुढे धरला. पाळकाने टोपी काढली आणि घेतला.

पेला फिरून आला. उठताना आर्मांदिनोने डोके खाजवले. "रस तर झाला. पण आता आरोळी कुणाची? सकाळसारखं केलं, तर घर रात्री माशांना भाड्यानं द्यावं लागेल."

मग रोसालिंदो म्हणाला, "ताईचं नाव घ्या. घर तिचं आहे."

"आणि सान अंतोनियो?" इकडून कुणीतरी विचारले.

"तो आतच बसलाय ना? मीच त्याला काल घोंगडीत गुंडाळून खांबाला बांधलाय. काच फुटली असती, ताईला वाईट वाटलं असतं." रोसालिंदो जरा लाजला. "मी त्याला विनवत नाही. पण ती विनवते."

मग आर्मांदिनोने हात वर केला आणि साऱ्या बेटाला ऐकू जाईल असा ओरडला, "लुदोविना!"

"लुदोविना!" दोन्ही बाजूंनी एकदम आवाज आला. सगळ्या टोचण्या एकदम लागल्या. क्लावेल आणि तोर्दो दोघेही दचकले, कारण ही आरोळी दोघांनाही नवी होती, आणि दोघांनी एकाच क्षणी डोके खाली घातले. मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझ्यावर दोन्हीकडून सारखा भार आला. मी सोंग शोधत होते. ते सापडले नाही. घराखालचे ओंडके जागचे हलले आणि घर चढणीवर निघाले. लुदोविनाने हातांनी तोंड झाकले. आपले नाव एवढ्या पुरुषांच्या तोंडी ऐकून ती लाजेने हसत होती आणि रडतही होती. अंधार पडण्याआधी घर टेकडीवर होते. पौर्णिमेच्या भरतीने जुनी जागा नेली, तेव्हा तिथे न्यायला काही उरले नव्हते.

गाव तेव्हापासून एक झाला, असे मी सांगणार नाही. एक मंडळी अजून टाळ्या वाजवते, दुसरी अजून मिरवणूक काढते. आर्मांदिनोने त्या रसाबद्दल सोफानोरला वर्षभर टोमणे मारले. मीही अजून संशयी आहे. आता मी आळीपाळीने दोघांकडे राहते आणि प्रत्येकाला वाटते की चरबी दुसऱ्याने लावली असेल. दोघांच्या वस्तूला दोघांनीही जपावे लागते, नाहीतर ती कुणाचीच राहत नाही. माझी वाढलेली भेग पाहा, म्हणजे पटेल.

मला देवाधर्मातले फारसे कळत नाही. मी लाकूड आहे. पण मी जन्मभर भार तोलत आले आहे. त्या दिवशी सर्वांत जड काय होते, हे मला विचाराल, तर घर नव्हते. ती रसाची घागर होती आणि ती एका माणसाने आदल्या दिवसापासून एकट्याने उचलली होती. म्हणून, मित्रांनो, एवढेच मागणे आहे. कुणाच्या हाती पेला देण्याआधी तो हात कुणाचा आहे, ते नीट बघा.