डोळे मिटून ऐकायचा ॲम्प्लिफायर

दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. पंचवीस-तीस माणसं खुर्च्यांवर डोळे मिटून बसली होती. गाणं संपलं तरी कोणी हलेना. दंतवैद्याने रुमाल काढून डोळे पुसले. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, "गायिका अगदी माझ्या मांडीला मांडी लावून बसली होती हो!"

"घरी सांगू का तसं?" मागून कोणीतरी विचारलं आणि हशा पिकला.

दुकानाच्या मालकाला सगळे कानगुरू म्हणायचे. त्यांच्या टेबलावर नवा ॲम्प्लिफायर होता. वरचे काचेचे व्हॉल्व्ह दिव्यांसारखे पेटलेले.

"मंडळी, बाकीच्या यंत्रांत वीज वाहते, यात प्राण वाहतो," कानगुरू म्हणाले. "मात्र डोळे मिटायचे. उघड्या डोळ्यांना हा प्रसन्न होत नाही."

मी सुतार. बायको जाऊन सात महिने झाले. ती रेडिओ दुरुस्त करायची. आमच्या घरचा ॲम्प्लिफायर तिने स्वतः जोडला, त्याची पेटी मी केली. तिच्या आवाजाची एकच टेप आहे. गाता गाता मध्येच ओरडते, "अहो, दार लावा, धूळ येतेय!" आणि पुढची ओळ धरते. आदल्या दिवशी कानगुरूंनी ती टेप आधी आमच्या ॲम्प्लिफायरवर लावली, मग त्यांच्या. त्यांच्यावर ती शेजारच्या खोलीतून या खोलीत आल्यासारखी वाटली. मी तिथेच विरघळलो.

पण दुकानाची एक रीत होती. नवा घेणाऱ्याने जुना इथेच, सगळ्यांसमोर फोडायचा. "जुना घरात राहिला की कान बाटतात," कानगुरू सांगायचे. त्यांनी माझ्या हातात हातोडा दिला.

"भावजी, ताईने केलेली वस्तू फोडणार तुम्ही?" सोबत आलेली मेहुणी म्हणाली. ती दवाखान्यात लोकांचे कान तपासते.

"अगं, तिचाच आवाज नीट ऐकायचाय मला."

"मग फोडण्याआधी एकदा दोन्ही ऐकू या."

"अवश्य!" कानगुरू म्हणाले. "डोळे मिटा."

आधी आमचा वाजला, मग त्यांचा. पुन्हा तेच. बायको पुन्हा जवळ आल्यासारखी वाटली. लोक "वा, वा" करू लागले.

"यांनी मध्येच आवाजाचं बटण फिरवलं," मेहुणी म्हणाली. "मी डोळे मिटले नव्हते."

"धूळ पुसत होतो, बाई."

"फार गुणी धूळ आहे. पुसली की आवाज वाढतो."

तिने पर्समधून बहिणीचा, तारांतली वीज मोजायचा मीटर काढला. फोन दोन्ही यंत्रांना पाळीपाळीने जोडून एकसुरी शिट्टी लावली आणि स्पीकरच्या तारांवर मीटर धरला. नव्याचा आकडा जास्त होता. आकडे सारखे होईपर्यंत तिने नव्याचं बटण मागे घेतलं. मग टेबलासमोर पडदा धरायला लावला. दंतवैद्याने पडद्यामागे नाणं उडवायचं, छापा पडला तर जुना, काटा पडला तर नवा लावायचा. ओळखायचं कानगुरूंनी.

दहापैकी पाच बरोबर आले.

"माझं नाणंसुद्धा इतकं ओळखतं," दंतवैद्य पडद्याआडून म्हणाला.

"पडद्यामुळे प्राण कोंडतोय!" कानगुरू म्हणाले.

"अहो, स्पीकर तर पडद्याबाहेर आहेत," पोस्टमास्तर म्हणाले.

मेहुणी पडद्यामागे गेली आणि बाहेर आली. पुन्हा टेप लागली. आवाज भरलेला, जवळचा. कानगुरूंचा चेहरा उजळला. "हाच! याला म्हणतात प्राण!"

पडदा बाजूला झाला. वाजत होता माझ्या बायकोचा ॲम्प्लिफायर. मेहुणीने त्याचंच बटण केसभर पुढे केलं होतं. पोस्टमास्तर हसता हसता खुर्चीवरून घसरले.

"यात जादू नाही," ती म्हणाली. "आवाज थोडासाच वाढवला, तर मोठा झाला असं आपल्याला कळत नाही. जास्त स्वच्छ, जास्त जवळचा वाटतो. त्यांचं यंत्र वाईट नाही, ताईचंही नाही. आवाज सारखा केला की तुम्हाला फरक ओळखता येत नाही, एवढंच."

"मग हातोडा कशाला?" मी विचारलं.

"घरी नेऊन कोणी दोन्ही शेजारी-शेजारी लावून बघू नये म्हणून."

मी हातोडा कानगुरूंना परत दिला आणि आमचा ॲम्प्लिफायर काखेत मारला. रागावलो नव्हतो. ती जवळ यावी असं मलाच वाटत होतं, म्हणून बटण फिरलं की ती येत होती. दुःखी माणसाला फसवायला फार कष्ट पडत नाहीत. तो अर्धं काम स्वतःच करतो.

म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवला तर आधी दोन्ही बाजू सारख्या करा आणि कोणतं काय ते न बघता ओळखून पाहा. ओळखता आलं तर खुशाल घ्या. पण डोळे मिटायला सांगणाऱ्याच्या हातांवर लक्ष ठेवा, आणि आपली वस्तू पारखून झाल्याशिवाय फोडू नका. एकदा फुटली की विचारायला काही उरत नाही.