टिचकी

थोरलीच्या बोटातली अंगठी निघत नव्हती. तिने नळाखाली हात धरला, साबण चोळला, पुन्हा ओढली. पेर लाल झालं, पण अंगठी हलायला तयार नाही. धाकटी भिंतीला टेकून बघत होती. तोंडाला मास्क, अंगात ताप, पायांत दवाखान्याच्या सपाता. पुढे होऊन तिला हात लावता आला असता. तिने हात मागे बांधून ठेवले.

"निघेल," थोरली म्हणाली.

"निघालीच पाहिजे. तशी आत सोडत नाहीत."

शेवटी एकदाची निघाली. थोरलीने कोपरापर्यंत हात धुतले, हिरवा झगा घातला आणि शाळेच्या पहिल्या दिवशी मूल उभं राहावं तशी दाराशी उभी राहिली.

काचेपलीकडच्या खोलीत अकरा पेट्या होत्या आणि सिस्टर दोन. सहाव्या पेटीत धाकटीची मुलगी. दहा दिवसांची, एक किलो शंभर ग्रॅम. अजून दोन महिने पोटात राहायची होती ती. मोठ्या सिस्टरने तिचं नाव पावशेर ठेवलं होतं, आणि एवढ्या दिवसांत धाकटीला हसू आलं ते त्या नावाचंच. पावशेरला रोज दुपारी तीन तास उघड्या छातीवर घेऊन बसायचं, हेच तिचं मोठं औषध. पण कालपासून धाकटीला ताप होता. नवऱ्याला खोकला. माहेर दोन दिवसांच्या वाटेवर.

"घरात आणखी कोण आहे?" सिस्टरने विचारलं होतं.

"थोरली जाऊ आहे. तिला बोलवा," धाकटीने लगेच सांगितलं. या जावाजावांचं बरं जमतं, असं सिस्टरला वाटलं असणार.

जमायचं खरंच. घरची लॉन्ड्री होती, हॉटेलांच्या चादरी यायच्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही. दोघींनी चार कोपरे धरायचे, झटकायचं, मग एकमेकींकडे चालत यायचं. सहा वर्षं त्या अशा एकमेकींकडे चालत आल्या होत्या. त्या दिवशी सकाळी दहाला धाकटी म्हणाली होती, "वहिनी, पोटात कळ येते." थोरली म्हणाली होती, "सातव्या महिन्यात येतातच गं. एवढी चळत संपवू, मग बघू." चळत संपली पाच वाजता. पावणेसहाला डॉक्टरबाईंनी तपासलं आणि विचारलं, "इतका वेळ काय करत होता? दुपारी आला असतात तर कळा थोपवता आल्या असत्या. निदान बाळाच्या फुप्फुसांसाठीची इंजेक्शनं तरी पोचली असती." त्यानंतर तासाभरात पावशेर आली. रडली नाही.

तेव्हापासून धाकटी थोरलीला उणा शब्द बोलली नव्हती. भांडून मोकळं व्हायची तिची इच्छाच नव्हती. तिला थोरलीचं काळीज हातात धरून पिळायचं होतं, चादर पिळतात तसं. दहा दिवस ती तेवढंच योजत होती, आणि आज तापाने तिला आयती संधी दिली होती. बघू दे तिला. छातीवर घेऊन एकेक बरगडी मोजू दे.

त्या खोलीची एक रीत होती. आईच्या जागी जी बसेल, तिला आईनेच सगळं शिकवायचं. सिस्टरांना वेळ कुठला? धाकटीने शिकवलं. मान एका बाजूला ठेवायची. पाय बेडकासारखे दुमडायचे. नाकातली नळी ओढली जाऊ द्यायची नाही. सगळं नीट, सावकाश सांगितलं. एकच गोष्ट गाळली. पावशेर मधूनच श्वास घ्यायला विसरायची. छाती थांबायची, ओठ काळसर व्हायचे. तळव्यावर एक टिचकी मारली की आठवायचं तिला. तेवढंच.

मोठ्या सिस्टरने दारातून विचारलं, "टिचकीचं सांगितलंत ना यांना?"

"सांगितलं," धाकटी म्हणाली. थोरली तेव्हा पलीकडे पाठमोरी होऊन झग्याच्या नाड्या बांधत होती, तिच्या कानावर काही गेलं नाही.

काचेतून सगळं दिसत होतं. थोरली खुर्चीत मागे रेलली. सिस्टरने पावशेरला तिच्या छातीवर ठेवलं, वर कापड टाकलं आणि ती दुसऱ्या टोकाच्या पेटीकडे गेली. थोरलीचे हात तरंगत राहिले. ठेवायचे कुठे ते तिला कळेना. मग तिने एक हात पाठीवर ठेवला. अख्खी पाठ त्या हाताखाली झाकली गेली. थोरलीचा चेहरा बदलला. धाकटीला बरं वाटलं. अगदी आतून बरं वाटलं.

अर्धा तास गेला. मग यंत्राच्या पडद्यावरचा प्राणवायूचा आकडा उतरायला लागला. नव्वद. चौऱ्याऐंशी. यंत्र वाजू लागलं, पण ते दिवसातून पन्नासदा वाजायचं, वायर सुटली तरी वाजायचं. सिस्टरने मान वळवली नाही. तिचे दोन्ही हात दुसऱ्या एका बाळात गुंतले होते. थोरलीने पडद्याकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. घाबर, धाकटी मनात म्हणाली. घाबर आता.

थोरली घाबरली. घाबरून नुसती बसून राहिली.

एकाहत्तर.

"तळवा!" धाकटीने काचेवर हात आपटला. "वहिनी, तळव्यावर टिचकी मारा!" आत आवाज जात नव्हता. मास्क ओढून काढत ती दोन्ही मुठींनी काच बडवू लागली. थोरलीने वर पाहिलं. धाकटीने आपला पाय उचलला, सपात भिरकावली आणि स्वतःच्या तळव्यावर टिचक्या मारत सुटली, एका पायावर, वेड्यासारखी.

थोरलीने कापडाखाली हात घातला.

आकडा तिथेच राहिला. मग एकाने चढला. मग भराभर चढला. तोवर सिस्टर धावत आली होती.

थोरली बाहेर आली तेव्हा धाकटी जमिनीवर बसली होती, एक पाय अनवाणी. थोरली समोर उभी राहिली.

"श्वास थांबतो तिचा, हे तुला ठाऊक होतं."

"हो."

"मला सांगितलं नाहीस."

"नाही."

आता ही ओरडेल, असं धाकटीला वाटलं. ओरडायला हवं होतं. थोरली भिंतीला धरून हळूहळू खाली बसली, तिच्या शेजारी, पण अंतर ठेवून.

"त्या दिवशी मलाही ठाऊक होतं," ती म्हणाली. "तू चादरीचा कोपरा सोडून दोनदा वाकलीस. तेव्हाच कळलं होतं मला. म्हटलं, एवढी चळत होऊ दे."

दहा दिवस धाकटीला हेच ऐकायचं होतं, आणि ऐकल्यावर करायचं काय, ते ठरवायचं राहून गेलं होतं.

मोठी सिस्टर दारात आली. ती चिडलेली होती. "काय चाललंय तुमचं? उद्या ताप उतरला नाही तर कोण बसणार? दुसरं कुणी असेल तर आत्ताच सांगा."

थोरलीने मान खाली घातली. झग्याच्या नाड्या सोडायला तिचे हात उचलले जात नव्हते.

"हीच बसेल," धाकटी म्हणाली.

"नक्की?"

"हीच. आता ती पापणीसुद्धा लववणार नाही."